समुद्राकाठचं जांभ्याचं घर भाड्याने देण्याआधी

गुहागरचं जुनं जांभ्याचं घर कुटुंबांना सुट्टीसाठी द्यायचंय, पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे आणि कंत्राटदार सिमेंटचा गिलावा सुचवतोय, असं तुम्ही लिहिलंय. तो गिलावा कृपा करून करू नका.

जांभा सच्छिद्र दगड. पावसाच्या झडीचं पाणी तो पितो आणि उन्हात सोडून देतो. वर सिमेंट चढलं की ही वाट बंद होते. मग खाऱ्या वाऱ्याचं मीठ गिलाव्यामागे साठून फुगतं आणि काही पावसाळ्यांत गिलावा चिऱ्याचा (जांभ्याच्या घडीव ठोकळ्याचा) थर सोबत घेऊनच गळतो.

आधी ओल कुठून येते ते शोधा. फुटकी कौलं, तुंबलेली पन्हळ, आणि वर्षानुवर्षं भर घालून जोत्याच्या वर गेलेलं अंगण, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं. अंगण उतरवा आणि भिंतीलगत दीड फुटाची पट्टी फरशी न घालता खडीची ठेवा.

मग चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, २० ते २५ मिमी खोल उकरून चुन्याने भरा. कळीचा चुना विरवून महिनाभर तरी मुरवावा. आतल्या भिंतींना १ भाग चुना, ३ भाग वाळू. झडीच्या बाजूला १ चुना, १ सुरखी (भाजक्या विटांची पूड), २ वाळू, कारण नुसता चुना सततच्या ओलीत नीट धरत नाही. वाळू किनाऱ्याची नको, विहीर मचूळ असेल तर तिचं पाणीही नको. भरण्याआधी चिरा भिजवा, नंतर आठवडाभर ओली गोणपाटं लावा. दिवाळीनंतर लगेच काम धरलं तर पावसाआधी चुना पक्का होतो. वरून चुन्याची सफेदीच द्या. प्लास्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत फुकट.

पाहुण्यांना खोलीला लागून बाथरूम हवं असतं, पण ते माजघरात घुसवू नका. मागच्या पडवीत, जुन्या भिंतीपासून फट सोडून स्वतंत्र विटांची भिंत बांधा. शोषखड्डा विहिरीपासून किमान २० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, कारण जांभ्याच्या भेगांतून सांडपाणी लांबवर झिरपतं. नवं बांधकाम करायचं तर भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत सीआरझेड, म्हणजे किनारी बांधकामावरचा नियम, लागू होतो, म्हणून पाया खणण्याआधी ग्रामपंचायतीत चौकशी करा.

नळ आणि बिजागऱ्या पितळी किंवा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या घ्या, ३०४ला तिथे तांबेरा धरतो. मुलं येणार, तेव्हा विहिरीवर कुलपाची जाळी, माळ्याच्या कठड्यात १० सेंमीपेक्षा कमी फटी आणि विजेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), हे पहिलं बुकिंग घेण्याआधीच व्हायला हवं.