मत कुणाला दिलं हे उघड न करता बोगस मतदान कसं रोखता येईल?

तुम्ही विचारलंय की आधार आणि बोटाचा ठसा मतदान यंत्राला जोडला, कुणाचं मत कुठं गेलं हे नंतर तपासता आलं, तर बोगस मतदानाला आळा बसणार नाही का? मी सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे, निवडणुकीची ड्यूटी लागते. माझं म्हणणं असं, की माणूस हवा तितका कडक तपासा, पण मत त्याच्या नावाशी जोडू नका.

केंद्रावर पहिला मतदान अधिकारी ओळखपत्र बघून यादीतलं नाव मोठ्यानं वाचतो. मोठ्यानं अशासाठी, की समोर बसलेले उमेदवारांचे एजंट गावातलेच असतात. मुंबईला गेलेल्याच्या नावावर त्याचा चुलतभाऊ उभा राहिला तर ते ओळखतात आणि २ रुपये भरून आक्षेप घेऊ शकतात. दुसरा अधिकारी शाई लावतो, १७-अ या मतदारांच्या नोंदवहीत सही घेऊन चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन स्वतःजवळच्या कंट्रोल युनिटचं बटण दाबतो, मग आडोशामागचं बॅलट युनिट, म्हणजे उमेदवारांपुढच्या बटणांचं यंत्र, एका मतापुरतं सुरू होतं. नाव तिथंच मागं राहतं. मत कुणाला गेलं हे दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची छापील चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते. संध्याकाळी नोंदवही आणि यंत्रातला आकडा जुळवून १७-क ची, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत एजंटांना देतात. जादा मतं घुसली तर तिथंच उघडकीला येतात.

व्हीव्हीपॅटची ती चिठ्ठी घरी का नेऊ देत नाहीत? आपल्याकडं पैसे वाटल्यावर बेल-भंडारा उचलायला लावतात, कारण आत बटण कुठलं दाबलं हे वाटणाऱ्याला कळायची सोयच नाही. शपथेवर भागवावं लागतं. उद्या पावती मिळाली किंवा तुम्ही म्हणता तशी नोंद बघता आली, की सोसायटीचं कर्ज, उसाची तोड, पोराची नोकरी, सगळं तिच्यावर अडेल. गरिबाला नाही म्हणायची एवढीच एक जागा आहे, ती काढून घेऊ नये.

भगदाड आहे ते माझ्या मते यादीत. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत, पाटण-जावळीची माणसं नवी मुंबईत माथाडी आहेत. कितीतरी जणांची नावं तिकडंही आणि गावातही. कायद्यानं एकाच ठिकाणी नोंद चालते, पण गावचं नाव कमी करायला मन होत नाही. मयतांचीही नावं तशीच राहतात. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत राज्य निवडणूक आयोगानं संभाव्य दुबार नावांपुढं दोन तारे टाकले आणि एकाच केंद्रावर मत देणार असं लिहून घ्यायचं ठरवलं. हे मला पटलं, मताला हात न लावता केलेला बंदोबस्त आहे. प्रारूप यादी लागली की वाचा. विधानसभेच्या यादीत चुकीचं नाव दिसलं तर नमुना ७ भरून बीएलओकडं, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडं द्या.

गुप्ततेला धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणी, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या मिसळून मोजता यायच्या. यंत्रामुळं प्रत्येक केंद्राचा आकडा उघडा पडतो. जतकडच्या एखाद्या छोट्या केंद्रावर चार-पाचशे मतं असली, की कोणत्या वस्तीनं साथ दिली नाही हे दुपारपर्यंत कळतं. मग टँकर आधी कुठं जाणार हेही ठरतं. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं, विधी आयोगानं २०१५ च्या २५५ व्या अहवालात उचलून धरलं, तरी ते आलेलं नाही. पडताळा कसा करणार, असं एजंट विचारतील. पण केंद्राची एकूण मतं १७-क शी तेव्हाही जुळवता येतील. ठशाच्या यंत्रापेक्षा मी हे आधी मागेन.

आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेला असेल तर परत फिरू नका. ओळख पटवून केंद्राध्यक्षांकडं प्रदत्त मतपत्रिका मागा, तो तुमचा हक्क आहे. ती मोजणीत धरत नाहीत, वेगळ्या पाकिटात ठेवतात. पण प्रकरण कोर्टात गेलं तर तोच पुरावा असतो.