वाचकांचे प्रश्न : महिन्याचा हिशेब जुळतो, वर्षाचा का जुळत नाही?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : कमाई बरी आहे, उधळपट्टी नाही, तरी गाठीला काही राहत नाही. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. पैशाच्या बाबतीत नाव छापले जाऊ नये ही अपेक्षा योग्यच असल्यामुळे प्रत्येक पत्राखाली केवळ परिसराचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो. दोघांचे मिळून महिन्याला एक लाख दहा हजार रुपये हातात येतात. खर्च वहीत लिहिण्यास दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा महिना-दीड महिन्यात वही बंद पडली. एरवी महिनाअखेरीस थोडी शिल्लक राहते. पण जूनमध्ये मुलांची फी आणि पुढे गणपती-दिवाळी आली की मुदत ठेव मोडावी लागते. आमचे चुकते कोठे? (सिंहगड रस्ता)

उत्तर : आपला हिशेब महिन्याचा आहे आणि आपली ठेव मोडणारे खर्च वर्षाचे आहेत. पगार महिन्याला येतो म्हणून आपण अंदाजपत्रकही महिन्याचेच मांडतो. किराणा, दूध, वीजबिल, सोसायटीची देखभाल, पेट्रोल आणि घराचा हप्ता त्यात बसतात. मात्र शाळेची फी, वाहनाचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता, महापालिकेचा मिळकतकर, सणांची खरेदी, गावाकडची फेरी आणि लग्नकार्यांतील आहेर यांपैकी काहीही दर महिन्याला येत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी तो खर्च अनपेक्षित असल्यासारखा वाटतो. जून महिना दरवर्षी येतो आणि दिवाळीची तारीखही वर्षभर आधी दिनदर्शिकेत छापलेली असते, तरीही बहुतेक घरांत या खर्चाची तजवीज त्या महिन्याच्या पगारातूनच केली जाते.

म्हणून वही बाजूला ठेवून आधी एका कागदावर बारा महिने लिहावेत आणि गेल्या वर्षीचे बँक खात्याचे उतारे समोर घेऊन वर्षातून एकदा-दोनदाच येणारा प्रत्येक खर्च त्या त्या महिन्यापुढे मांडावा. उदाहरणादाखल फी ७२ हजार, वाहन विमा १४ हजार, आरोग्य विमा २८ हजार, मिळकतकर १२ हजार, गणपती आणि दिवाळी मिळून ३६ हजार, गावची फेरी आणि आहेर १८ हजार असे आकडे धरले, तर बेरीज १ लाख ८० हजार होते. म्हणजेच दरमहा १५ हजार रुपये आपले नाहीतच. ते पुढच्या एखाद्या महिन्याचे आहेत. महिनाअखेरीस जी शिल्लक आपल्याला दिसते, ती बहुधा याच रकमेचा भाग असते आणि आपण तिला बचत समजून खर्च करून टाकतो.

ही रक्कम ठेवण्यासाठी वेगळे बचत खाते असावे. त्या खात्याचे डेबिट कार्ड पाकिटात नसावे आणि ते मोबाइलमधील यूपीआयला जोडलेले नसावे, कारण ज्या खात्यातून मंडईतील भाजीचे आणि संध्याकाळच्या भेळेचे पैसे जातात, त्या खात्यात जूनची फी टिकत नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम या खात्यात आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला द्यावी. पुणे महापालिका आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरलेल्या मुदतीत मिळकतकर भरणाऱ्यांना सवलत देते. पैसे आधीच बाजूला असतील, तर ती सवलतही हातून जात नाही. पहिल्या वर्षी मात्र थोडी ओढाताण होईल, हे मनाशी धरूनच सुरुवात करावी. फेब्रुवारीत सुरुवात केली, तर जूनच्या फीसाठी बारा नव्हे, चारच महिने मिळतात. अशा वेळी बोनस किंवा पगारवाढीतील फरक या खात्यात टाकावा आणि तरीही तूट राहिली, तर त्या वर्षी सणाचा आकडा कमी करावा. मुदत ठेवीला हात लावू नये.

आता वहीविषयी. प्रत्येक रुपया लिहायचा असा नियम केल्यामुळे ती बंद पडली असावी, असे मला वाटते. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून बहुतेक खर्चाची नोंद तारखेसह बँकेच्या उताऱ्यात आपोआप होते. तेव्हा ती पुन्हा लिहून काढण्यापेक्षा रविवारी सकाळी दोघांनी मिळून दहा मिनिटे तो उतारा वाचावा आणि एका महिन्यात खर्चाचा एकच प्रकार तपासावा. या महिन्यात बाहेरचे खाणे आणि घरपोच मागवलेले पदार्थ, पुढच्या महिन्यात मोबाइल, इंटरनेट आणि आपोआप नूतनीकरण होणारी सदस्यत्वे, असे केल्यास ओझे होत नाही आणि नेमके कोठे कमी करायचे हे कळते. दोघांनी मिळून, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. ज्या घरात एकच जण हिशेब पाहतो, तेथे दुसऱ्याला प्रत्येक काटकसर आपल्यावरचा आरोप वाटू लागते, आणि त्या कटुतेची किंमत वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त असते.

प्रश्न : माझे वय २६ आहे. मी हिंजवडीत नोकरी करतो. क्रेडिट कार्डावर ६० हजार रुपये थकले असून मी दरमहा किमान रक्कम नियमित भरतो, तरी थकबाकी हलत नाही. माझी ५ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे) चालू आहे आणि ४५ हजारांची मुदत ठेव आहे. एसआयपी मोडू नये असे सगळे सांगतात. मी काय करावे? (वाकड)

उत्तर : थकबाकी का हलत नाही, ते आधी आकड्यांत पाहू. कार्डाचे व्याज साधारणतः महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के पडते. ६० हजारांवर एका महिन्याचे व्याज २,१०० रुपये होते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३७८ रुपये लागतात. किमान रक्कम थकबाकीच्या पाच टक्के धरली, तर आपण ३ हजार रुपये भरता. त्यांतील २,४७८ रुपये व्याज आणि करात जातात आणि मूळ थकबाकी जेमतेम ५२२ रुपयांनी घटते. शिवाय मागील बिल पूर्ण भरलेले नसताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. आपण नियमित आहात, हा आपला चांगला गुण आहे. पण तो चुकीच्या रकमेसाठी वापरला जात आहे.

म्हणून मी इतरांपेक्षा वेगळा सल्ला देत आहे. कार्ड आजपासून वापरू नये. मुदत ठेवीवर मिळणारे सहा-सात टक्के आणि कार्डाला जाणारे ४२ टक्के यांची तुलनाच होऊ शकत नाही. तेव्हा आजारपण किंवा तातडीच्या प्रवासासाठी १५ हजार हाताशी ठेवून उरलेले ३० हजार कार्डात भरावेत. एसआयपी थांबवावी आणि तिचे ५ हजार, तसेच आतापर्यंत भरत असलेले ३ हजार, असे ८ हजार रुपये दरमहा कार्डात भरावेत. या गतीने राहिलेली थकबाकी साडेचार महिन्यांच्या आत फिटते. ४२ टक्क्यांचा खात्रीशीर परतावा कोणताही म्युच्युअल फंड देत नाही, म्हणून हे महिने एसआयपी बंद राहिल्याची खंत बाळगू नये. थांबवणे म्हणजे आधी जमलेले युनिट विकणे नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. आरोग्य विम्याचा हप्ता मात्र कोणत्याही कारणाने चुकवू नये.

थकबाकी संपल्यावर कार्ड पुन्हा वापरायचे असल्यास किमान नव्हे, तर पूर्ण बिल खात्यातून आपोआप भरले जाईल, अशी सूचना बँकेला द्यावी. बिनव्याजी म्हणून जाहिरात केलेल्या हप्त्यांविषयीही सावध राहावे. त्यांत प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरील कर अनेकदा ग्राहकालाच भरावा लागतो. लोकांच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो जानेवारीत मागवून वाचण्याची सवय लावावी, कारण आपल्या नावावर चुकून नोंदलेले कर्ज तेथेच दिसते.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. तिला खाऊचे पैसे द्यावेत का? (कोथरूड)

उत्तर : अवश्य द्यावेत, पण मागेल तेव्हा नव्हे, ठरलेल्या वारी आणि ठरलेलेच द्यावेत. ते लवकर संपले, तर पुढच्या वारापर्यंत थांबू द्यावे आणि मध्येच भर घालू नये. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते बँका उघडून देतात. वाढदिवसाला पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे तिने स्वतः बँकेत जाऊन भरावेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. वय ६३. निवृत्तीच्या रकमेपैकी २२ लाख रुपये आमच्या ओळखीच्या पतसंस्थेत ठेवावेत, असे भाऊ सुचवतो, कारण तेथे बँकेपेक्षा व्याज जास्त आहे. ठेवावेत का? (सदाशिव पेठ)

उत्तर : ताई, सगळी रक्कम तेथे ठेवू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. बँक अडचणीत आली, तर ठेव विमा आणि पतहमी महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेतील सर्व शाखांच्या ठेवी मिळून, व्याजासह, पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवण्यात आली. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे; पतसंस्थांना मात्र नाही, कारण कायद्याने त्या बँका नाहीत. पतसंस्थेचे संचालक सचोटीचे असतीलही, पण आयुष्यभराची पुंजी कोणाच्या सचोटीवर ठेवण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. बँकेतसुद्धा मर्यादेचे भान ठेवावे लागते, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मधली सगळी वर्षे ठेवीदार स्वतःच्याच पैशांसाठी ताटकळत राहिले, आणि त्यांत आपल्यासारखे निवृत्तिवेतनावर जगणारे अनेक जण होते. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली, हा मोठाच दिलासा आहे; तोही पाच लाखांपर्यंतच.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना टपाल कार्यालयात आणि अनेक बँकांत उपलब्ध आहे. तिची मुदत पाच वर्षांची आहे, व्याज दर तिमाहीला हातात येते आणि खाते उघडताना असलेला व्याजदर पूर्ण मुदतीत बदलत नाही. एप्रिल २०२३ पासून तिची कमाल मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आहे, तेव्हा आपल्या रकमेचा मोठा भाग तेथे बसू शकतो. हे व्याज करपात्र आहे, याची नोंद घ्यावी. उरलेली रक्कम दोन वेगवेगळ्या बँकांत मर्यादेच्या आत ठेवावी.

आणखी एक विनंती आहे. एका वहीत प्रत्येक ठेवीची बँक, पावती क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि वारसनोंद लिहून ठेवावी, आणि ती वही कोठे आहे हे घरातील एका विश्वासू व्यक्तीला सांगावे. पासवर्ड आणि पिन त्या वहीत कधीही लिहू नयेत.

प्रश्न : मी एका कार्यालयात लेखनिक आहे. वय ३८. स्वतःमध्ये सुधारणा करावी म्हणून दोन वर्षांत बरेच ऑनलाइन अभ्यासक्रम विकत घेतले, पण एकही पूर्ण झाला नाही. पैसेही गेले आणि आत्मविश्वासही. (पिंपरी)

उत्तर : अभ्यासक्रम विकत घेतला, की शिकायला सुरुवात झाल्याचे समाधान लगेच मिळते, आणि तेथेच उमेद खर्च होते. आपला क्रम उलटा करावा, असे मी सुचवेन. आधी वेळ ठरवावी, तीही रोज एकच : उदाहरणार्थ, सकाळी डबे झाल्यावर निघण्यापूर्वीची पंचवीस मिनिटे, किंवा पिंपरीहून मेट्रोने येत असाल तर प्रवासातला वेळ. महिनाभर त्या वेळेत विनामूल्य मिळणाऱ्या साहित्यावरच अभ्यास करावा. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावरील अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची असेल, तरच शुल्क भरावे लागते. ही वेळ महिनाभर टिकली, मगच पैसे भरावेत, आणि तेही एकाच अभ्यासक्रमाचे.

कोणता, हे ठरवताना आपल्या सध्याच्या कामाला लागून असलेले कौशल्य आधी पाहावे. लेखनिकाच्या कामात एक्सेलमधील सूत्रे, टॅली किंवा जीएसटी विवरणपत्रे यांचे ज्ञान दुसऱ्याच दिवशी उपयोगी पडते, आणि उपयोगात आलेले विसरले जात नाही. भाषेची ओढ असेल, तर फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे आणि तेथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी अशा भाषा शिकवल्या जातात. प्रत्यक्ष वर्गात शेजारी बसणारी माणसे असतात, गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येते, आणि एकट्याने शिकताना मागे पडणाऱ्यांना याचा फार आधार होतो.

पहिल्या पत्राच्या उत्तरात वार्षिक खर्चाचा जो कागद सांगितला आहे, त्यावर आपणही शिक्षणासाठी एक रक्कम धरावी. वर्षाला सहा हजार धरले, तर महिन्याला पाचशे होतात. ती रक्कम जमेपर्यंत सवलतीच्या जाहिराती पाहून काही विकत घेऊ नये. अर्धवट राहिलेल्या अभ्यासक्रमांपैकी ज्यांची मुदत अजून शिल्लक आहे, त्यांची यादी याच आठवड्यात करावी आणि कामाला सर्वांत जवळचा असेल, तो त्या पंचवीस मिनिटांत आधी संपवावा.