वडिलांना मधुमेह आहे, साखर पूर्ण बंद केली आहे. तरी हृदयासाठी जेवणात आणखी काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे, १० वर्षांपासून मधुमेह, चहासुद्धा बिनसाखरेचा, तरी डॉक्टर हृदयाला जपा म्हणतात. आमच्या घरात नेमकं हेच घडलं, म्हणून लिहिते.

आमचे अण्णा १२ वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायले. पंगतीत जिलेबी पानात पडू दिली नाही. पण त्या चहाबरोबर रोज दोन खाऱ्या, चार वाजता मूठभर फरसाण, जेवताना पापड, लोणचं आणि सोमवार-गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. पथ्य कडक चाललंय असंच आम्ही सगळे समजत होतो. एका पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, धाप लागली. छातीत दुखत नव्हतं, म्हणून पित्त असेल असं वाटून आईने थंड दूध दिलं. तो हार्ट अटॅक होता. जुन्या मधुमेहात नसांची जाणीव मंदावते, त्यामुळे छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. हे तुमच्या घरात आजच सगळ्यांना सांगून ठेवा.

हृदयाला धोका फक्त साखरेमुळे नसतो. रक्तदाब, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), तंबाखू ही सगळी मिळून रक्तवाहिन्या खराब करतात. डेन्मार्कमधल्या स्टेनो-२ अभ्यासात लघवीतून प्रथिन जाऊ लागलेल्या १६० मधुमेही रुग्णांपैकी निम्म्यांवर आहार, व्यायाम आणि औषधं असा सगळ्या बाजूंनी एकदम उपचार केला. सुमारे ८ वर्षांत त्यांच्यातले हृदय आणि रक्तवाहिन्यांचे विकार इतरांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. म्हणून नुसत्या पथ्यावर विसंबून गोळ्या सोडू नका.

आमच्याकडे पहिली गेली ती खारी. त्यात मैदा आणि वनस्पती तूप, म्हणजे साखर आणि एलडीएल दोन्ही वाढवणारं. ‘शुगर-फ्री’ बिस्किटांचंही बहुतेक तेच आहे. पाकिटावर मागच्या बाजूला पाम तेल आणि मैदा वाचा.

मीठ सगळ्यात अवघड गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे चहाचा जेमतेम सपाट चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. अण्णांना साखर सोडताना झाला नाही इतका त्रास लोणचं सोडताना झाला. आई आता कमी मिठाची जवसाची चटणी करते, वरून लिंबू पिळते. कमी सोडियमचं मीठ मात्र डॉक्टरांना न विचारता आणू नका. त्यात पोटॅशियम असतं; मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं.

तेल पूर्ण बंद करायची गरज नाही. स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात जवळपास निम्मे लोक मधुमेही होते. ऑलिव्ह तेल किंवा अक्रोड-बदाम घालून भूमध्य समुद्राकाठचा पारंपरिक आहार घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण सुमारे ३० टक्के कमी दिसलं. आम्ही ऑलिव्ह तेल आणत नाही. शेंगदाणा आणि करडईचं आलटून पालटून, तिघांत महिन्याला दीड लिटर. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा वापरत नाही. बांगडा, तारली कालवणातच.

भाकरी नाचणीची असली तरी चार खाल्ल्या की साखर वाढतेच. दीड भाकरी, वाटीभर मटकी किंवा हुलग्याची उसळ आणि भरपूर पालेभाजी, असं अण्णांचं पान असतं. उपास सोडवले नाहीत. साबुदाण्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडी. पण मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहू देऊ नका, रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते.

पुढच्या तपासणीला रक्तदाब, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइडची रक्ततपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन पाहायला सांगा. जाताना आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहून न्या, चहाबरोबरचंसुद्धा. आम्ही अशी वही नेली, तेव्हाच खारीचा विषय निघाला.