सुपरहिरो चित्रपटांचे पुढचे भाग का फसतात? ‘स्पायडर-मॅन २’ खरंच इतका चांगला होता, की ती नुसती जुनी आठवण?

नाही, नुसती आठवण नाही. ‘स्पायडर-मॅन २’ चांगलाच आहे आणि तो आवडायला लहानपणी पाहिलेला असावा लागत नाही. मी पाहिला तेव्हा एकोणीस वर्षांची होते, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तुमच्या प्रश्नातलं ‘नुसती जुनी आठवण’ हे माझा मामेभाऊ मला गेली वीस वर्षं ऐकवतोय, म्हणून लिहायला बसले.

२००४ चा पावसाळा. जत तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी सांगलीला मामाकडे शिकायला आले होते. सकाळी कॉलेज आणि दुपारी तीनपासून रात्री आठपर्यंत एका झेरॉक्सच्या दुकानात काम, महिन्याला ८०० रुपये. परीक्षा जवळ आली की दुकानात रांग लागायची. दुसऱ्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स काढता काढता माझा अभ्यास राहून जायचा. दादा, म्हणजे मामाचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पहिला भाग त्याने तीनदा पाहिलेला. दुसरा हिंदीत डब होऊन आमच्याकडे लागला तेव्हा तो त्याच्या तीन मित्रांना घेऊन निघाला आणि मामीने सांगितलं म्हणून मलाही बरोबर घेतलं.

पहिल्याच काही मिनिटांत पिझ्झा पोचवायला उशीर झाला म्हणून पीटरची, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनची, नोकरी जाते. कॉलेजात प्रोफेसर झापतात, घरमालक भाड्यासाठी दार अडवून उभा असतो. पुढे तो कपडे धुवायला जातो तर लाल-निळ्या पोशाखाचा रंग बाकीच्या पांढऱ्या कपड्यांना लागलेला. सुपरहिरोला कपड्यांना रंग लागल्याची काळजी असते हे मी पहिल्यांदाच बघत होते. दादाचे मित्र ‘मारामारी कधी?’ म्हणून चुळबुळ करत होते आणि मी मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले होते.

मग तो सीन आला. पीटरचा वाढदिवस, त्याला वाढवणाऱ्या मे काकूच्या घरी. पाहुणे गेलेत आणि घराचं कर्ज थकल्याची नोटीस त्याच्या नजरेला पडलीय. काकू पर्समधून वीस डॉलर काढून त्याच्या हातात देते. तो नको म्हणतो, कारण आता त्याला माहीत आहे की तिच्याकडेच काही नाही. आणि ती चिडते. घे म्हणते, फार नाहीत पण घे, इथे ठेवून जाऊ नकोस. लगेच तिला रडू फुटतं.

गावाहून सांगलीला निघाले त्या दिवशी आजी माझ्याबरोबर एस.टी. स्टँडपर्यंत चालत आली होती. गाडी लागल्यावर तिने कनवटीला खोचलेली पन्नासची नोट काढली. इतक्या बारीक घडीची की आधी मला तंबाखूची पुडीच वाटली. मी म्हटलं, आजी, राहू दे, तुझ्या औषधाला लागतील. आजी एकदम ओरडली, “घे म्हणते ना! नातीला पन्नास रुपये द्यायची पण ऐपत नाही का माझी?” स्टँडवरच्या बाया वळून बघायला लागल्या. मी नोट घेतली. तिने पदर तोंडाला लावला आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे बघितलंच नाही.

तर न्यूयॉर्कमधल्या एका घरात एक म्हातारी तेच करत होती आणि मी थिएटरात रडत होते. नेमकं तेव्हाच दादाचा मित्र ओरडला, “पुढं ढकल की रे!” आणि सगळी रांग हसली. दादाही हसला. रात्री जेवताना त्याने मामा-मामीला सांगितलं, “हिला पिक्चरमधलं काय कळत नाय. रेल्वेची एवढी फाइट झाली तेव्हा गप्प, आणि म्हातारी बघून रडली.” तेव्हापासून घरात कुठलाही चित्रपट लागला की ‘म्हातारी कधी येणार ते सांगा हिला’ हे ठरलेलं. मुलींना सुपरहिरोतलं काही कळत नाही, त्यांना प्रेमप्रकरण आणि रडारड हवी असते, हेही त्याच्याच जोडीला.

मला जे कळलं ते सांगते, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पहिल्या भागात पीटर एका चोराला मुद्दाम पळू देतो, ज्याचे पैसे चोरले त्याने याला फसवलेलं असतं म्हणून. तोच चोर पुढे बेन काकांना, म्हणजे मे काकूच्या नवऱ्याला, गोळी घालतो. पहिल्या भागात पीटर हे पोटात ठेवतो. दुसऱ्या भागात मे काकू स्वतःलाच दोष देत बसलेली असते, आणि तो टेबलाशी तिच्यासमोर बसून सगळं सांगतो. तिचा हात त्याच्या हाताला लागलेला असतो. ती हात काढून घेते, उठते आणि एक शब्द न बोलता जिना चढून जाते. तो एकटा खुर्चीत. एकाही ठोशाशिवाय मोडलेला सुपरहिरो मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही फारसा नाही.

पुढचा भाग चांगला निघतो तो असा: मागच्या भागात जे केलं त्याची उधारी दारात येऊन उभी राहते. आणि फसतो तेव्हा लेखक मागचं खोडून टाकतात आणि त्यावर दोन व्हिलन जास्त घालतात. बजेट, कॉम्प्युटर ग्राफिक्स हे सगळं त्याच्या नंतर.

दादाला जी रेल्वेची फाइट आवडते ना, तीसुद्धा याच कारणाने चालते. गाडी थांबवताना त्याचा मुखवटा निघालेला असतो, तो बेशुद्ध पडतो. लोक त्याला डोक्यावरून हातोहात आत घेतात, खाली ठेवतात आणि तोंड बघून एकजण म्हणतो की हा तर पोरगा आहे, माझ्या मुलापेक्षा मोठा नसेल. दोन लहान मुलं मुखवटा परत देतात आणि कुणाला सांगणार नाही म्हणतात. दुसऱ्या भागातला व्हिलन डॉक्टर ऑक्टोपस, त्याचे चार यांत्रिक हात विसरले तरी चालतील, ती दोन मुलं विसरत नाहीत. तोच ऑक्टोपस शेवटी स्वतःचं यंत्र स्वतः बुडवतो, कारण ते त्याचं देणं असतं.

आता तिसरा भाग. ४ मे २००७ ला आला, भोजपुरीतसुद्धा डब झाला होता. त्याच महिन्यात मावसबहिणीचं लग्न होतं आणि हळदीच्या रात्री गच्चीवर सगळी भावंडं जमली. दादा सांगत होता, “तीन-तीन व्हिलन! काळा सूट! याला म्हणतात पिक्चर.” मी म्हटलं, त्यांनी पहिल्या दोन्ही भागांचं वाटोळं केलं. कसं? तर बेन काकांना त्या चोराने मारलंच नव्हतं, मारणारा सँडमॅन, म्हणजे नव्या व्हिलनांपैकी वाळूचा माणूस, होता, असं तिसऱ्या भागात सांगतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पीटर त्या टेबलाशी बसून मेला, ज्यासाठी काकू हात काढून जिना चढली, तिच्या मुळाशीच हात घातला. दोन भागांत जमवलेलं ओझं एका फ्लॅशबॅकमध्ये उतरवून ठेवलं. भरीला पीटरचा मित्र हॅरी, त्याचा नोकर, ज्याला हॅरीच्या बापाच्या मरणाचं खरं इतके दिवस माहीत होतं, तो ते सांगायला उगवतो नेमका शेवटाच्या तोंडावर! आधी सांगितलं असतं तर अर्धा चित्रपट लागलाच नसता. तिसरा व्हिलन व्हेनम दिग्दर्शक सॅम रेमीला नको होता, निर्मात्यांच्या आग्रहाने घातला, हे नंतर जाहीर झालं. पण ते कळायच्या आधीच पडद्यावर दिसत होतं. तो पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखा जातो.

दादाने तेव्हा कमाई काढली. तिसऱ्या भागाने जगभरात सुमारे ८९ कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्याने सुमारे ७९ कोटी. हे आकडे त्याने पुढे इंटरनेटवर शोधून मला पाठवले आणि आजही पाठवतो. अहो, तिसऱ्याला गर्दी झाली ती दुसऱ्याने कमावलेल्या भरवशावर. लोक तिकीट चित्रपट बघायच्या आधी काढतात. गच्चीवरच्या भावंडांनी मात्र ‘आकडे बोलतात’ म्हणून दादाच्या बाजूने निकाल दिला आणि मी खाली मेंदी काढायला गेले.

हे फक्त स्पायडर-मॅनचं नाही. ‘सुपरमॅन २’ घ्या. दिग्दर्शक रिचर्ड डोनरने दोन्ही भागांचं शूटिंग बरोबरच सुरू केलं होतं, दुसऱ्याचं काम बरंच झालं असताना त्याला काढलं आणि रिचर्ड लेस्टरने चित्रपट पुरा केला. त्यात क्लार्क, म्हणजे सुपरमॅनच, लोइसच्या प्रेमासाठी शक्ती सोडतो आणि रस्त्यावरच्या एका खानावळीत मार खातो, रक्त बघून हबकतो. काय जबरदस्त जागा आहे ती! आणि शेवटी काय, तर एका चुंबनाने लोइसची आठवणच पुसून टाकतात. तिने जे भोगलं ते तिच्याजवळ राहू दिलं नाही. उलट २००८ चा ‘द डार्क नाइट’ बघा. त्याच्या आधीच्या ‘बॅटमॅन बिगिन्स’च्या शेवटी पोलीस अधिकारी गॉर्डन बॅटमॅनला सांगतोच की तू मुखवटा चढवलास, आता समोरचेही वाढीव येणार, आणि नव्या गुन्हेगाराने मागे टाकलेलं जोकरचं पान (पत्त्यांतलं) हातात ठेवतो. दुसरा भाग ती चिठ्ठी वटवतो.

आणि स्पायडर-मॅनचाच ‘नो वे होम’, ज्यात वेगवेगळ्या मालिकांतले तीन पीटर एकत्र येतात. आपल्याकडे १६ डिसेंबर २०२१ ला, अमेरिकेच्या एक दिवस आधी लागला. थिएटरं निम्म्या क्षमतेने नुकतीच उघडली होती. पुण्यात मी, दादा आणि त्याचा दहा वर्षांचा मुलगा, एक खुर्ची सोडून एक बसलो होतो. २०१४ च्या भागात अँड्र्यू गारफिल्डच्या पीटरला त्याची प्रेयसी ग्वेन वाचवता आली नव्हती, जाळं पोचलं पण उशीर झाला होता. इथे नव्या पीटरची प्रेयसी एमजे खाली पडते, आणि तिला झेलतो तो हाच पीटर. जमिनीवर उतरल्यावर तो तिला ‘ठीक आहेस ना’ विचारतो आणि स्वतःच रडवेला होतो. सात वर्षांपूर्वीची, वेगळ्याच मालिकेतली उधारी. आमच्या मागे बसलेली कॉलेजची मुलं हुंदके देत होती आणि कुणी ‘पुढं ढकल’ म्हणालं नाही.

पुढे बरा झालेला ऑक्टोपस टोबी मॅग्वायरच्या, म्हणजे पहिल्या तीन भागांतल्या, पीटरला, कसा आहेस, असं विचारतो, तेव्हा दादाने डोळे पुसले. मी बघितलं. बाहेर आल्यावर मुलाला सांगत होता, “हा म्हातारा जुन्या पिक्चरमधला. लई भारी पिक्चर होता तो.” मी म्हटलं, दादा, तो तुला बोअर झाला होता. तुझ्या मित्राने आरडाओरडा केला होता आणि तू हसला होतास. तो म्हणाला, “छे, असं काही झालंच नाही.” मला तिथे पार्किंगमध्ये जितका राग आला तितका २००४ मध्येही आला नव्हता. चेष्टा केली ती केली, आता ती झालीच नाही म्हणतो. म्हणजे तिसऱ्या भागासारखंच.

त्याच आठवड्यात पोराने जुना बघायचा हट्ट धरला. माझ्याकडे लावला. पोराचा जन्म २०११ चा, त्याला त्या चित्रपटाची कसली आठवण असणार? रेल्वेच्या सीनला तो उठून उभा राहिला. पण बोलला टेबलाच्या सीनला. “आत्या, त्या आजीने हात का काढून घेतला?” दादा मोबाइल खाली ठेवून बघत होता. मी पोराला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, “तिला राग आलाय, पण त्याला मारायचं नाहीये तिला.” दहा वर्षांच्या मुलाला एका बैठकीत जे दिसलं त्याला जुनी आठवण म्हणायचं असेल तर म्हणा.

आता थोडं दादाच्या बाजूचं. तिसऱ्या भागातली गोळी सुटते ती त्या चोराने मागून येऊन सँडमॅनला हात लावल्यामुळे, तेव्हा पीटरने चोराला सोडलं नसतं तर काका वाचले असते हे तसं खरंच उरतं. हा मुद्दा त्याने गच्चीवर मांडला असता तर मी विचार केला असता. सँडमॅन वाळूतून पहिल्यांदा उठून उभा राहतो, हात घडवायला बघतो आणि ढासळतो, तो सीन दुसऱ्या भागात असता तरी शोभला असता. दुसऱ्या भागातही पीटरची शक्ती मध्येच का जाते ते नीट सांगितलेलं नाही, आणि त्या मालिकेतल्या एमजेला, जिच्यावर त्याचं प्रेम असतं, तिथे दुसऱ्याशी लग्न ठरवण्यापलीकडे फार काही करायला दिलेलं नाही. माझा हिशेबही सगळीकडे लागू पडेल असं नाही, निव्वळ धमाल असलेले पुढचे भागही मला आवडलेत.

तुम्ही पाहिला नसेल तर पहिला आणि दुसरा लागोपाठ बघा, मध्ये आठवडा जाऊ देऊ नका. इंग्रजीत बघा. हिंदी डबिंग मी ऐकलंय, पण मे काकू झालेली रोझमेरी हॅरिस त्या वीस डॉलरच्या वेळी ज्या आवाजात चिडते तो मला फार नंतर मूळ भाषेत ऐकायला मिळाला. आजी २०११ मध्ये गेली. तिचा स्टँडवरचा आवाज आणि तो आवाज यांत मला फरक करता येत नाही.

दादा दिवाळीला सांगलीला येतोय. पोराने तिसरा भाग अजून पाहिलेला नाही. तो आम्ही तिघांनी मिळून बघायचा ठरलाय, आणि फ्लॅशबॅक आला की मी पॉज करून आधी पोराला विचारणार आहे, दादाला नाही.