मुळाशी कुरळे, टोकाला सरळ: मधल्या काळात करायचं काय?

"मॅडम, वरचे केस एकीचे आणि खालचे दुसरीचेच वाटतात. सगळे कापून टाकू का?" खुर्चीवर टेकता टेकताच तिने विचारलं. वय 26, खाजगी बँकेत नोकरी, घर कोल्हापूरच्या राजारामपुरीत. बारावीनंतर पहिल्यांदा स्मूदनिंग, म्हणजे रसायनाने केस सरळ करणं, केलं आणि तेव्हापासून दरवर्षी मुळाशी नव्याने आलेल्या केसांचं टचअप. गेले आठ महिने ते बंद केलेलं. सोबत आई होत्या. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: दिवाळीनंतर स्थळं बघायची आहेत, या झिंज्या घेऊन पोरगी पाहुण्यांसमोर कशी बसणार? एकदा शेवटचं करून घेऊ दे, मग काय ते कर म्हणावं.

तिने पर्समधून कागदाची पुडी काढली. आठवड्याभरात कंगव्यात आलेले केस होते. टक्कल पडणार या धास्तीने तिने ते जपून ठेवले होते. पांढऱ्या कागदावर ते एकेक करून पसरले आणि टोकं बघितली. मुळापासून गळालेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. तिच्या पुडीत तसे थोडेच निघाले. बाकीचे सरळ, ठिपका नसलेले, म्हणजे मधेच तुटलेले. रोज 50 ते 100 केस मुळापासून गळणं स्वाभाविक असतं. तिचे गळत नव्हते, तुटत होते. हे डोळ्यांनी दिसल्यावर तिचे खांदे जरा सैल झाले. पुढचं बोलणं त्यानंतरच शक्य झालं.

तुटण्याची जागा ठरलेली असते: जुना आणि नवा केस मिळतो तो सांधा. स्मूदनिंग-रीबाँडिंगच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा थायोग्लायकोलेट हे रसायन असतं. ते केसातल्या केराटिन या प्रथिनाचे गंधकाचे बंध तोडतं. मग केस इस्त्रीने सरळ करतात आणि न्यूट्रलायझर लावून ते बंध सरळ अवस्थेत पुन्हा जोडतात. सगळे जुळत नाहीत, म्हणून तेवढा केस कायमचा कमजोर राहतो. नवा केस धडधाकट आणि वळणदार, जुना दमलेला आणि सरळ. कंगव्याचा ताण नेमका दोघांच्या मधे बसतो. सरळ झालेला केस कुठल्याही तेलाने, मास्कने किंवा अंडं-दह्याने पुन्हा कुरळा होत नाही. तो वाढून कापूनच जायचा. हे आधीच कळलं तर बरेच पैसे वाचतात.

कानामागची ओली बट हलकेच ताणून पट्टी लावली. मुळापासून नऊ सेंटिमीटरवर वळण संपत होतं, पुढे काडीसारखे सरळ तीस सेंटिमीटर. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेव्हा आठ महिन्यांना नऊ हे बरोबरच. मात्र वाळल्यावर तेच नऊ पाचच दिसतात, कारण कुरळा केस आखडतो. "वाढतच नाहीत" ही तक्रार बहुतेकदा यातूनच येते. म्हणून महिन्यातून एकदा, ओले असताना, त्याच जागेची बट मोजायची आणि तारीख लिहून ठेवायची.

सगळे एकदम कापले असते तर नऊ सेंटिमीटरचे केस उरले असते. ज्यांना ते आवडतं त्यांनी खुशाल कापावेत, सगळ्यात सोपी वाट तीच. पण घरी वाद चालू असताना रागाच्या भरात कात्री लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिने दर दोन-अडीच महिन्यांनी तीन-चार सेंटिमीटर कापायचं ठरवलं.

धुण्याची पद्धत मात्र पूर्ण बदलावी लागली. आठवड्यातून दोनदाच, सौम्य शाम्पूने. त्याआधी तासभर दोन चमचे खोबरेल सरळ भागाला. ते केसात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. गुंता कोरड्या केसांत काढायचाच नाही. कंडिशनर भरपूर लावून, चार भाग करून, सांधा एका हाताच्या चिमटीत धरायचा आणि रुंद दातांचा कंगवा टोकांकडून वर आणायचा. टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुना सुती पंचा दाबून धरायचा. तिच्या इमारतीत बोअरचं पाणी येतं. जड पाण्याने केस खरखरीत होतात, म्हणून शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे. गाडीवर ती सुती स्कार्फ घट्ट आवळायची, त्याची घासणी बरोबर सांध्यावर. आत सॅटिनचा तुकडा शिवून घ्यायला सांगितलं.

दोन पोत एकसारखे दिसावेत म्हणून ओल्या केसांना जवसाचं जेल लावून दोन सैल वेण्या घालायच्या, टोकं कापडाच्या पट्टीवर गुंडाळायची आणि पूर्ण वाळल्यावरच सोडायची. अर्धवट ओल्या सोडल्या तर टोकं लगेच सरळ होतात. जेलसाठी दोन मोठे चमचे जवस दीड कप पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवायचे. चमच्यावरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच उतरवून गरम असतानाच गाळायचं. गार झाल्यावर ते इतकं घट्ट होतं की गाळणीतून उतरतच नाही. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचं. वास बदलला की फेकून द्यायचं.

आता आईंचा मुद्दा. "शेवटचं एकदा" केलं तर हे नऊ सेंटिमीटर जातातच, शिवाय क्रीम जुन्या भागावर ओघळलं की तोच केस दुसऱ्यांदा भाजतो. आणि दोन महिन्यांत मुळं पुन्हा दिसणारच, तेव्हा ती सासरी असली तर? यावर आई गप्प झाल्या. रोजची इस्त्रीही नको म्हटलं, कारण तिच्या उष्णतेने नव्या केसाचं वळणही कायमचं जाऊ शकतं. पाहुण्यांसाठी मानेशी सैल अंबाडा आणि गजरा, यावर दोघींचं जमलं. अंबाडा घट्ट नको आणि रबर तर नकोच.

टाळूवर चट्टे, जखमा, आग किंवा ठिपकेवाले केस मुठीने येणं, यांपैकी काही दिसलं तर मात्र थेट त्वचारोगतज्ज्ञ. हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइड तपासल्याशिवाय घरगुती उपाय करत बसू नये.

तिसऱ्या भेटीला पट्टीवर बारा सेंटिमीटर भरले. त्यानंतर दोन दिवसांनी आईंचा फोन आला. जेल त्या करायला लागल्या होत्या. चटणीसाठी जवस भाजून घेतात, तसे यालाही भाजायचे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कच्चेच घ्यायचे, म्हणून सांगितलं.