शाळेत थांबतं, मग घरात का नाही?

"शाळेत दिवसभर गप असतोय, मॅडम. घरात पाऊल टाकलं की मान झटकणं, आवाज काढणं सुरू. म्हणजे मुद्दामच करालाय की नाही?"

संकेश्वरहून आलेले एक वडील माझ्यासमोर बसून हे विचारत होते. शेजारी त्यांची बायको, आणि दोघांच्या मध्ये दहा वर्षांचा मुलगा, खाली मान घालून. मुलासमोर असं बोलू नये हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण तीन वर्षांत ते थकले होते. हाच प्रश्न मला खानापूर, निपाणी आणि बेळगावातल्या कितीतरी आईबापांनी विचारला आहे, म्हणून या घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. सातव्या वर्षी मुलगा जोरजोरात डोळे मिचकावू लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, थेंब दिले. दोन महिन्यांनी डोळे थांबले आणि नाक ओढणं सुरू झालं. मग मान उजवीकडे झटकणं. मग घशातून 'हं, हं' असा आवाज. त्यावर खोकल्याची औषधं झाली, थंड पाणी बंद झालं, दही बंद झालं, टीव्ही आणि मोबाइल बंद झाला. आजी म्हणाली, बाहेरची बाधा हाय. दृष्ट काढली, अंगारा लावला. शेवटी एका संध्याकाळी वडिलांचा हात उठला. मारल्यावर थोडा वेळ आवाज थांबला, आणि रात्री नेहमीपेक्षा जास्त झाला. हे सांगताना वडील खिडकीबाहेर बघत होते.

"आणि रविवारी देवळात भजनाला टाळ घेऊन बसतोय ना," आई म्हणाली, "तवा एकदासुद्धा मान हलत न्हाई. मग कसं समजायचं?"

शाळेत थांबतं आणि टाळ वाजवताना थांबतं, हे या घरात मुलाविरुद्धचे दोन पुरावे होते. मला त्या दोन्ही गोष्टींत निदानाच्या खुणा दिसत होत्या.

वडिलांचं मिरची कांडपाचं यंत्र आहे. संकेश्वरी मिरचीच्या हंगामात त्यांच्या दुकानात लाल खकाणा उडालेला असतो. मी विचारलं, "यंत्राजवळ शिंक येते का हो?"

"येतीच की."

"आणि गिऱ्हाईक पुढ्यात उभं असलं, तुमच्या हातात त्याचं तिखट असलं तर?"

"दाबतोय. नाक धरून तोंड फिरवतोय."

"किती वेळ?"

ते हसले. "किती वेळ दाबणार? गिऱ्हाईक गेलं की एकामागनं एक चार येतात."

बोलता बोलता ते थांबले आणि मुलाकडे वळून बघितलं. मीही मुलाला विचारलं, "आवाज यायच्या आधी तुला काही होतं का रे?"

त्यानं गळ्यावर बोट ठेवलं. "इथं मुंगी चालल्यागत होतंय. आवाज काढला की जाती. परत येती."

"हे कवा सांगितलं न्हाईस?" आई म्हणाली.

"कुणी विचारलंच न्हाई."

ही मुंगी फार महत्त्वाची. डोळे मिचकावणं, मान झटकणं, खाकरणं, नाक ओढणं, एखादा शब्द पुन्हा पुन्हा येणं, या सगळ्यांना टिक्स म्हणतात. बऱ्याच मुलांना, विशेषतः साधारण दहा वर्षांनंतर, टिकच्या आधी अशी खाज, ताण किंवा टोचणी जाणवते, आणि ती क्रिया केली की तेवढ्यापुरतं मोकळं वाटतं. थोडा वेळ दाबता येतं म्हणजे हौसेनं करतो असं नाही. शिंक दाबता येते, पण म्हणून ती कुणी मुद्दाम काढत नाही. वर्गात हा मुलगा एक डोळा फळ्यावर आणि अर्धा जीव गळ्यातल्या मुंगीवर ठेवून बसतो. दिवसभर असं सांभाळून, दमून घरी येतो, आणि जिथं वर्गाचा धाक नाही तिथं सोडून देतो. भजनाचं निराळं आहे. तिथं मन, कान आणि हात एकाच तालात गुंतलेले असतात. अशा वेळी टिक्स आपोआप कमी होतात, त्याला काही दाबावं लागत नाही. उलट दमणूक, काळजी, आणि जत्रा-लग्नाचा आनंदसुद्धा त्या वाढवतो.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. म्हणून आधी त्यांना धारवाडला, डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत तपासून घ्यायला सांगितलं. तिथं डॉक्टरांनी टुरेट सिंड्रोम असं निदान केलं. स्नायूंच्या एकाहून जास्त टिक्स, आवाजाची किमान एक, अठरा वर्षांच्या आत सुरुवात आणि वर्षाहून जास्त काळ, अशी त्याची ओळख. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये ते दिसत नाही. बघून आणि विचारूनच ठरवावं लागतं. म्हणून तर माझ्याकडे येणारे पालक आधी डोळ्यांच्या आणि घशाच्या दवाखान्यांत वर्षं घालवून आलेले असतात. आजार काही मोबाइलच्या काळातला नाही. गिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरांनी १८८५ साली नऊ रुग्णांची हकिकत लिहिली, त्यांच्यावरून हे नाव पडलं. मेंदूत हालचालींना सोडणारी आणि आवरणारी जी यंत्रणा आहे, तिच्यातला हा फरक. आनुवंशिकतेचा वाटा मोठा. आईच्या संस्कारांचा, आजीच्या लाडांचा यात काही संबंध नाही. हे मी आजींना फोनवर मुद्दाम सांगितलं. अंगारा लावायला माझी हरकत नाही, पण उपास नको आणि धाक नको, एवढं त्यांनी कबूल केलं.

आईची भीती वेगळी होती. मोबाइलवर तिनं शिव्या देणाऱ्या एका माणसाचा व्हिडिओ बघितला होता. आपला मुलगाही चारचौघांत शिव्या देणार, या धास्तीनं तिला झोप नव्हती. तशी टिक असते, पण टुरेट असलेल्यांपैकी साधारण १० ते १५ टक्के लोकांनाच. बाकीच्यांना आयुष्यात कधी होत नाही. आणि बऱ्याच मुलांत दहा ते बारा हा काळ सगळ्यात अवघड असतो, पुढं वयात येताना जोर ओसरतो. सगळ्यांचं पूर्ण जातं असं मी तिला सांगितलं नाही, कारण ते खरं नाही.

शाळेचा गुंता मात्र आपल्या भागाचाच. मुलगा मराठी माध्यमात. कन्नडच्या तासाला उभं राहून धडा वाचायची वेळ आली की आधीच छातीत धडधड, आणि त्यात नेमका 'हं, हं' आवाज. शिक्षकांना वाटलं, पोरगा भाषेची चेष्टा करतोय. दोनदा बाकावर उभं केलं. सीमाभागात या समजाला किती धार असते ते वेगळं सांगायला नको. पालक तक्रारीच्या तयारीत होते. मी म्हटलं, आधी मला भेटू द्या. मी शिक्षकांशी कन्नडमध्येच बोलले. "इदु अवन कैयल्लि इल्ल, सर." हे त्याच्या हातात नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की त्यांच्या चुलतभावाची मान अशीच उडायची, घरात सगळे त्याला हसायचे. पुढच्या आठवड्यापासून मुलगा कन्नडचा धडा बसून वाचू लागला. आवाज आला तर सर वाचन न थांबवता पुढची ओळ दाखवतात. ओढ फारच वाढली, दाबवेना, तर न विचारता पाणी प्यायला बाहेर जायची मुभा मिळाली.

माझ्याकडे आम्ही सराव सुरू केला. मानेला झटका यायची चाहूल लागली की हनुवटी किंचित खाली घ्यायची, नजर समोर, मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे, ओढ ओसरेपर्यंत. घशासाठी नाकानं सावकाश श्वास आत, तोंडानं सावकाश बाहेर. एका वेळी एकच टिक, जी जास्त त्रास देते ती आधी. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात १२६ मुलांवर ही पद्धत तपासली. ती शिकलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना चांगला गुण आला, नुसता आधार आणि माहिती मिळालेल्या मुलांत पाचातल्या एकालाही नाही. औषधंही आहेत. मान दुखू लागली, झोप किंवा अभ्यास बिघडला तर डॉक्टर ती देतात. या मुलाला अजून लागली नाहीत.

पालकांना मी सांगितलं, सरावाचं कौतुक करा, 'आज आवाज आला नाही' याचं करू नका. नाहीतर पोर पुन्हा दाबायला लागेल, फक्त आता तुमच्यासाठी. शाळेतून आल्यावर अर्धा तास त्याला कुणी काही विचारायचं नाही. आणि टिककडे बघायचं नाही. सगळ्यात अवघड हे शेवटचं. आईनं सांगितलं, "ताई, माझीच नजर जाती हो. त्याच्या आधी माझीच मान वळती."

तिसऱ्या भेटीत मी त्याची वही मागितली. एका पानावर 'अ' इतक्या वेळा खोडून पुन्हा काढला होता की कागदाला भोक पडलं होतं. त्या भोकातून मागच्या पानावरचं गणित दिसत होतं. 'बरोबर वाटेपर्यंत' लिहावं लागतं, तो म्हणाला. टिक्सबरोबर असे मंत्रचळ किंवा लक्ष न टिकण्याचा त्रास पुष्कळ मुलांत असतो, आणि पुष्कळदा मुलाला खरं छळतं ते हेच. आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो म्हणून सगळे आवाजामागं लागतात. वहीला पडलेलं भोक तीन वर्षं कुणी बघितलं नव्हतं. पुढच्या वेळी धारवाडला जाताना ती वही बरोबर न्यायला सांगितली, आणि आता त्यावर वेगळं काम चालू आहे.

ज्यांना लगेच कुठं जाता येत नाही त्यांनी १४४१६ या टेलीमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत नंबरवर फोन करावा. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही.

दिवाळीनंतर संकेश्वरहून फोन आला. वडीलच होते. मागं यंत्राचा धडधडाट.

"मॅडम, मानेचं कमी झालंय. पण कालपासनं खांदा उडालाय."

टिक अशी जागा बदलते, हे त्यांना मी आधी सांगितलं होतं. विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"काय न्हाई की. ताटं मांडली, जेवलो सगळी."