खेळावं ना, पण खेळाची पीएचडी कसली?

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. बारावीचे निकाल लागले की ही जोडी माझ्याकडे येणार हे ठरलेलं. आई किंवा वडील खुर्चीच्या टोकावर आणि मूल खिडकीबाहेर बघत. "मॅडम, मार्क चांगले आहेत हो. काहीही करता आलं असतं. पण फिजिकल एज्युकेशनचंच डोक्यात घेतलंय." मग आवाज थोडा खाली येतो. "नातेवाइकांना काय सांगायचं, पीटी शिकते म्हणून?" मुलांना बाहेर बसवून विचारलं तर त्यांचंही एक ठरलेलं वाक्य असतं: "तुम्हीच समजवा ना त्यांना, माझं ऐकत नाहीत."

ही तक्रार ग्वाल्हेरात इतकी ऐकायला मिळावी याची मला गंमत वाटते. 1857 च्या शताब्दीचं निमित्त साधून 17 ऑगस्ट 1957 ला याच शहरात राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज उघडलं. 1995 मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं. देशभरातली मुलं ट्रंका घेऊन रेसकोर्स रोडला येतात, आणि लष्कर भागातल्या आपल्या मराठी घरांत अजून "तिथे दिवसभर पळवतात म्हणे" एवढीच माहिती असते. स्थळांच्या यादीत 'इंजिनिअर', 'सीए' लिहिताना पेन अडत नाही. शारीरिक शिक्षणातलं पदव्युत्तर 'एम.पी.एड.' लिहिताना मात्र कंसात 'घरची शेती आहे' असं जोडणारी एक आई मी पाहिली आहे.

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आता एका घराची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही इतपत बदल करून.

मुलीला मुक्ता म्हणू. एम.पी.एड. झालेली, पीएचडीला लागलेली. शाळेतल्या मुलांची शारीरिक क्षमता हा तिचा विषय. वडील एजी म्हणजे महालेखापालांच्या ऑफिसातून निवृत्त, सगळी हयात ऑडिटमध्ये गेलेली. फोन मात्र आईनं केला होता, आणि पहिल्याच भेटीत का ते कळलं. बापलेक एकमेकांशी बोलतच नव्हते. सगळी वाहतूक काकूंमार्फत.

"बाबांना सांग, शनिवारी डेटा घ्यायला शाळेत जायचंय, गाडी लागेल."

"तिला विचार, त्या डेट्याचं लोणचं घालणार आहे का?"

काकूंना रात्री झोप येत नव्हती आणि घरात सगळ्यांना वाटत होतं की 'प्रॉब्लेम' त्यांचा आहे. मरे बोवेन नावाचे एक अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ होऊन गेले. दोन माणसांमधला ताण ती दोघं सोसत नाहीत तेव्हा तिसऱ्याला मधे ओढतात, हे त्यांनी फार नेमकं मांडलं. माझ्या कामाचा पाया तोच आहे. त्यामुळे झोपेबद्दल मी फारसं विचारलं नाही. काकूंना मधून कसं बाहेर काढायचं, तेवढंच माझ्या डोक्यात होतं.

मुक्ता एकटी आली तेव्हा वेगळंच निघालं. वडिलांबद्दल ती भरभरून बोलेल अशी माझी अटकळ होती. ती बोलली स्वतःच्या कामाबद्दल, आणि तेही त्यांच्याच सुरात.

"मॅडम, खरं सांगू? एक टेप, एक स्टॉपवॉच आणि पाय लांब करून पुढे किती वाकता येतं ते मोजायला एक लाकडी खोकं. माझ्या मैत्रिणी बायोटेकच्या लॅबमध्ये आहेत. मी शाळेच्या मैदानावर मुलांना रांगेत उभी करते. याला संशोधन म्हणतात का?"

"असं कोण म्हणतं?"

ती थांबली. "बाबा म्हणतात." पुन्हा थांबली. "मीपण म्हणते बहुतेक."

मला या कामात सगळ्यात मोलाची वाटते ती ही जागा. घरातल्या ज्या टीकेनं आपण सर्वात जास्त चिडतो, ती बहुतेकदा आपण स्वतःच मनात आधी मान्य केलेली असते. बाहेरच्या माणसाशी भांडून ती जात नाही. मुक्ता घरी "मला आवडतं, माझी आवड आहे" एवढंच सांगत राहायची, कारण विषयाच्या बाजूनं बोलायला तिच्याकडे स्वतःचाच भरवसा नव्हता. आणि ज्या माणसानं पस्तीस वर्षं पावतीशिवाय एक रुपया मान्य केला नाही, त्याच्यासमोर 'आवड' हा पुरावा कसा टिकणार?

मग तिघांना एकत्र बोलावलं. काका आले ते तयारीनंच.

"मला खेळाचं वावडं आहे असं समजू नका. 24 फेब्रुवारी 2010. सचिननं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दोनशे मारले तेव्हा मी स्टेडियममध्ये होतो. आणि ते स्टेडियम ज्यांच्या नावाचं आहे ना, ते रूपसिंग. 1932 ला लॉस एंजेलिसला अमेरिकेवर 24-1, त्यातले दहा गोल त्यांचे. ध्यानचंदांचे सख्खे भाऊ, आपल्या गावात राहिले. तेव्हा खेळावं ना, खेळूच नये असं कोण म्हणतंय? पण खेळाची पीएचडी कसली? शिट्टी फुंकायला डॉक्टरेट लागते?"

मुक्ता आईकडे बघायला लागली. काकू तोंड उघडणार, तेवढ्यात मी काकांना विचारलं, "तुम्ही चालायला जाता का हो?"

"रोज. दहा हजार पावलं." मनगटावरचा पट्टा त्यांनी पुढे केला.

"दहाच हजार का?"

"सगळेच सांगतात."

"म्हणजे व्हाउचर नाही."

हे वाक्य मला ऐन वेळी सुचलं आणि ते सुचल्याचा मला आजही थोडा अभिमान आहे. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग मान वळली ती थेट मुलीकडे. "काय गं, कुठून आला हा आकडा?"

काकू मधे नव्हत्या.

"जपानमधून, बाबा. 1965 साली तिकडे एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. टोकियोचं ऑलिंपिक आदल्याच वर्षी झालेलं, लोकांना व्यायामाचं वारं लागलेलं. दहा हजार हे त्या यंत्राच्या नावातच होतं. आकडा आधी आला, अभ्यास नंतर."

"म्हणजे बोगस?"

"चालणं बोगस नाही. आकड्याला तेव्हा आधार नव्हता."

"मग आधार असलेलं काय आहे तुमच्याकडे?"

मुक्तानं माझ्या टेबलावरची वही ओढली आणि मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला 'ड्रायव्हर', दुसऱ्या बाजूला 'कंडक्टर'. लंडनच्या दुमजली बसेस, जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर, 1953 साल. एकच बस, एकच रस्ता, एकच कंपनी. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिना चढतोय-उतरतोय. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला.

काकांनी चष्मा वर सरकवून वही स्वतःकडे फिरवली. खिशातलं पेन काढलं आणि 'कंडक्टर'च्या पुढे एक छोटं प्रश्नचिन्ह केलं, नेमकं तसंच जसं त्यांनी हयातभर लोकांच्या लेजरमध्ये केलं असणार. "हे मला पटत नाही. जो आधीच सडपातळ, तोच कंडक्टरचं काम धरत असेल. जाडा माणूस स्टिअरिंगवर बसेल. मग जिन्याला श्रेय कशाचं?"

मुक्ता उठून उभीच राहिली. "बाबा! हाच प्रश्न मॉरिसलाही पडला! त्यानं काय केलं माहितीये? कंपनीनं गणवेश शिवले त्याच्या नोंदी काढल्या. विजारींचे कमरेचे घेर. 1956 ला छापलंय. ड्रायव्हरांचे घेर मोठेच होते, म्हणजे तुमची शंका बरोबर होती. पण सारख्या घेराचे लोक समोरासमोर ठेवले तरी कंडक्टर सरस राहिले."

"शिंप्याच्या वहीतून?"

"शिंप्याच्या वहीतून."

काका हसले. मग मुलीला म्हणाले, "तुझं ते लाकडी खोकं काय मोजतं?" त्यानंतर बराच वेळ मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. खोक्याची पट्टी शून्यावर कशी लावायची, दोन वेगळ्या माणसांनी मोजलं तर आकडा बदलतो का, बदलत असेल तर काय करायचं, हे तिनं सांगितलं. दोन मोजमापांचा ताळा घेतात हे ऐकून काकांनी मान डोलावली.

काकांचा विरोध मुळात विषयाला नव्हता असं माझं मत आहे. ते वर्षभर एक प्रश्न विचारत होते, टोमण्याच्या रूपात, आणि त्यांच्या भाषेत उत्तर कुणीच दिलं नव्हतं. उत्तर द्यायला बसली तेव्हा मुक्तालाही पहिल्यांदा कळलं की आपल्याला हे येतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगते की 'पॅशन' हा शब्द घरी वापरूच नका. आपल्या विषयातली एक गोष्ट घरातल्या एका माणसाच्या शरीराला लावून दाखवा. वडील चालायला जातात ना? त्यांना विचारा, चालताना बोलता येतं का, आणि गाणं म्हणता येतं का. बोलता येतं पण गाताना दम लागतो, तो वेग मध्यम. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये आठवड्याला असा दीडशे ते तीनशे मिनिटांचा व्यायाम सांगितला आहे, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. पासष्टीच्या पुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचेही व्यायाम हवेत, आणि ते आपल्याकडे जवळजवळ कुणीच करत नाही. आजी मोरीत पाय घसरून पडते तेव्हा आपण नशिबाला बोल लावतो. हा अभ्यासाचा विषय आहे हे ज्या घरात एकदा कळतं, तिथे 'पीटी' म्हणून हिणवणं आपोआप कमी होतं.

पालकांशी बोलताना मी आधी तीन वाटा वेगळ्या करते, कारण डोक्यात त्यांचा काला झालेला असतो. खेळाडू होणं ही एक वाट. प्रशिक्षक होणं ही दुसरी, तिच्यासाठी पटियालाची राष्ट्रीय क्रीडा संस्था 1961 पासून आहे. शाळेत शिकवायला बी.पी.एड., आणि विद्यापीठात शिकवायचं-संशोधन करायचं तर एम.पी.एड., नेट ही पात्रता परीक्षा, पीएचडी ही तिसरी. या तिसऱ्या वाटेवर शरीरक्रियाशास्त्र आहे, हालचालींचं यंत्रशास्त्र आहे, क्रीडा मानसशास्त्र आहे, भरपूर संख्याशास्त्रही आहे. "आमचा मुलगा राज्य पातळीला निवडला गेला नाही, मग यात काय करणार?" याचं उत्तर इथे मिळतं. मात्र प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी शारीरिक चाचणी असते. तिची तयारी आधीपासून करा, कागदावरच्या मार्कांवर विसंबू नका.

आणि टोमणा मारायची सवय असलेल्या बाबांना एक विनंती. तोच प्रश्न उत्तर हवंय म्हणून विचारून बघा, आणि थेट मुलांना विचारा. बायकोमार्फत नको.

नोकरीची काळजी मी कधी उडवून लावत नाही. कायमच्या जागा थोड्या, जाहिराती कधी निघतील याचा नेम नाही. मुक्ताच्या घरी हा मुद्दा आजही उघडाच आहे. फरक एवढाच की आता तो कागदावर आहे. शोधप्रबंध कधीपर्यंत जमा करायचा, नेटच्या किती परीक्षा द्यायच्या, तोवर शाळेत कंत्राटी काम करून खर्चाचा किती वाटा उचलायचा, आणि जमलं नाही तर पुन्हा कधी बसायचं, हे सगळं काकांनी स्वतःच्या अक्षरात रकाने पाडून लिहिलंय. खाली बापलेकीच्या सह्या आहेत. साक्षीदार म्हणून काकूंना सही मागितली तर त्यांनी साफ नकार दिला. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाल्या. पुढची बैठक नेटच्या निकालानंतर ठरली आहे, आणि त्या बैठकीला आपण यायचं की नाही हे काकूंनी अजून सांगितलेलं नाही.